पहिलं नको

"सूप घेणार का थोडं?" घरमालकिणीनं विचारलं.

"नको, नको," धाकटी म्हणाली आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसली.

घरमालकिणीनं मान हलवली, पातेल्यावर झाकण ठेवलं, आपला वाडगा घेऊन ती खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत शांतपणे सूप प्यायला लागली. धाकटी बघतच राहिली. पोटात कावळे ओरडत होते. सूप बटाट्याचं होतं, वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला होता आणि पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. ती आणखी थोडा वेळ बसली. टेबलावरची मिठाची बाटली उगाच सरळ केली. मग "बरं, येते" म्हणून जिना चढून आपल्या खोलीत गेली आणि घरून बांधून आणलेल्या खाऊच्या डब्याचा तळ खरवडून खाल्ला.

यात घरमालकिणीची काही चूक नव्हती. बाई सरळ होती. विचारलं, मुलगी नको म्हणाली, विषय मिटला. चूक असलीच तर धाकटीच्या आईची होती. कुणाच्या घरी गेलं आणि पुढ्यात काही आलं, की आधी नको म्हणायचं, हे तिनं दोन्ही मुलींना चालायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं. एकदम हो म्हणणारं पोर अधाशी दिसतं. समोरचा पुन्हा आग्रह करतो, आपण "कशाला उगीच" म्हणतो, तो "माझ्यासाठी एवढं घ्याच" म्हणतो, आणि मग आपण त्याच्यावर उपकार केल्यासारखं ताट पुढे करतो. सगळ्यांना हा खेळ ठाऊक असतो, त्यामुळे कुणी उपाशी राहत नाही. फक्त खेळाला दोघं लागतात, आणि इथे समोरच्या बाजूला कुणी खेळायलाच बसत नव्हतं.

सुपापुरतं हे ठीक होतं. एका जेवणानं कुणी वाळत नाही. पण धाकटी परक्या देशात सूप प्यायला आली नव्हती. ती पाय करायला शिकायला आली होती.

हे घरी सांगितलं तेव्हा आत्यानं विचारलं होतं, "म्हणजे परत आल्यावर चपलांचं दुकान काढणार का गं?" चपला नव्हे, पाय. ज्यांचा पाय गेला आहे त्यांच्यासाठी कृत्रिम पाय. आत्याला समजून घ्यायचं नव्हतं, कारण आत्याच्या स्वतःच्या भावाचा, म्हणजे धाकटीच्या वडिलांचा, अण्णांचा, उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. लाकडाच्या वखारीत ओंडका घसरला आणि पाय घेऊन गेला. तेव्हा धाकटी रांगत होती. पुढे अण्णांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि सगळा जन्म कुबडीवर काढला. कुणी विचारलंच, तर हसून म्हणायचे, "मला काय करायचाय पाय? माझं काम बसून आहे." कुबडी वाजली की अण्णा आले, हे धाकटीला अण्णा हाक मारायच्या आधी कळायचं. ही शाळा तिनं का निवडली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना तर नाहीच.

शाळा म्हणजे एक लांबलचक कार्यशाळा होती. भिंतीशी कामाची टेबलं, टेबलांवर कानशी आणि पट्ट्या, फळीवर ओळीनं मांडलेली पावलं, आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी धूळ. शिकवणाऱ्या बाई रुंद बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या चष्म्यावरही धूळ असायची. धाकटीनं मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं होतं. पहिल्या सत्राचा नियम त्यांनी आल्या आल्याच सांगितला होता: प्रत्येकानं एका खऱ्या माणसासाठी एक पाय करायचा. साचा घेण्यापासून तो माणूस उभा राहीपर्यंत सगळं स्वतःच्या हातानं. माणूस उभा राहिला तर पुढचं सत्र. नाही राहिला, तर परतीचं तिकीट.

ज्या दिवशी कामं वाटायची होती, त्या दिवशी मास्तरीणबाईंनी सगळ्यांत आधी धाकटीकडे बघितलं. प्लास्टरवर तिचा हात वर्गात सगळ्यांत चांगला होता.

"पहिली एक शिक्षिका आहे, पाय गेलेली. तू घेशील?"

धाकटीला ती हवी होती, अगदी हवी होती. आणि तोंडातून निघालं, "नको, नको. आधी यांना द्या ना."

"मी घेतो!" शेजारचा उंच मुलगा म्हणाला. काम त्याला मिळालं. त्याच्या मागोमाग बाकीच्यांनी हात वर केले. मास्तरीणबाई वाटत गेल्या, आणि धाकटी चेहऱ्यावर शहाण्या मुलीचं हसू ठेवून बसली, आता पुन्हा आपल्याला विचारतील म्हणून. मास्तरीणबाईंनी हात झटकले, म्हणाल्या, "झालं. कामाला लागा," आणि त्या आत निघून गेल्या.

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही. सगळ्यांकडे माणूस होता, धाकटीकडे नुसतं हसू होतं.

ती बाहेर जिन्यात जाऊन बसली आणि आईला फोन लावला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आईनं "जेवलीस का?" विचारलं आणि ठरवलेलं राहून गेलं. तिनं सगळं सांगितलं. सूपसुद्धा सांगितलं.



"आई? आहेस ना?"

"आहे गं. तुझ्या अण्णांचंच डोळ्यापुढे आलं."

"अण्णांचं काय?"

"त्यांनी तुम्हा पोरींना कधी सांगितलं नाही. मलाही म्हणाले, सांगू नकोस." आईनं आवाज खाली आणला. "तू लहान होतीस. गावात शिबिर आलं होतं, पाय बसवून देणाऱ्यांचं. हे इस्त्रीचा सदरा घालून गेले. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला बसवायचाय का? तर हे म्हणाले, नको नको, आधी त्या पोराला बघा. वाटलं, पुन्हा विचारतील. अगं, दिवसभर बाकावर बसून होते. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, थांब, एवढ्यात बोलावतील. शिबिरवाल्यांनी सामान आवरलं, गाडी भरली, निघून गेले. हे तसेच बसलेले."

"मग उठून जायचं ना! मागायचं ना!"

"मागायचं? अण्णांनी?" आई म्हणाली. "घरी आले, सदरा काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, मला काय करायचाय पाय. तेव्हापासून तेच चालू आहे."

जन्मभर धाकटीनं ते वाक्य खरं मानलं होतं. कित्येकदा मैत्रिणींना ते कौतुकानं सांगितलंही होतं, की आमच्या अण्णांना कसली हाव म्हणून नाही. आता तिला त्या बाकावर बसलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला तरुण माणूस दिसत होता, आणि तिला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्हींचं काय करावं ते कळेना.

"आई, फोन ठेवते," ती म्हणाली. "मला मागायला जायचंय."

तिनं नळावर तोंड धुतलं, केस घट्ट बांधले आणि मास्तरीणबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"मला काम हवंय."

"तू नको म्हणालीस."

"म्हणाले. पण मला हवं होतं."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "हवं होतं, तर नको का म्हणालीस?"

आता हे कसं समजावणार? धाकटीनं तोडक्यामोडक्या परक्या भाषेत प्रयत्न केला. आमच्याकडे पहिलं नको हे नको नसतं, ते नुसतं दार वाजवल्यासारखं असतं. मास्तरीणबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"इथे नको म्हणजे नको," त्या म्हणाल्या. "आणि तसंच असायला हवं. आपण लोकांच्या शरीराला हात लावतो. त्यांचं नको आपण ऐकलंच पाहिजे."

"हो."

"आता कुणी उरलेलं नाही. म्हणजे एक आहे, पण तो नसल्यातच जमा. पलीकडच्या इमारतीत राहतो, रंगारी होता. साखरेच्या आजारात पाय गेला. गेल्या वर्षी दोघांनी विचारलं, दोघांना त्यानं नको सांगितलं."

"मी विचारून बघू?"

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "एकदा. एकदाच विचारायचं. त्यानं नको म्हटलं की परत यायचं. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली.

पलीकडची इमारत म्हणजे एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांची राहायची जागा. रंगाऱ्याची खोली तळमजल्यावर होती. तो चाकांच्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं, पण रंगाऱ्याला भिंतीत काय दिसतं हे आपण कसं सांगणार?

"आजोबा, मी शेजारच्या शाळेतून आले," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी पाय करू का?"

"नको."

"बरं."

एवढंच. झालं विचारून. धाकटी वळली, दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला. तिकडे शाळेत कानशींचा आवाज चालू झाला होता, तो इथपर्यंत ऐकू येत होता.

"का नको, ते नाही विचारलंस?" मागून रंगारी म्हणाला. "आधीच्यांनी विचारलं होतं."

"मला एकदाच विचारायची परवानगी आहे. ते झालं."

"मग जा."

"जाते." पण ती गेली नाही. वळून उभी राहिली. "विचारत नाही, नुसतं सांगते. मला हवंय."

"काय हवंय?"

"हे काम. मला कुणी माणूस मिळाला नाही, तर मला घरी पाठवतील. चूक माझीच आहे. मला विचारलं तेव्हा मी लाजेनं नको म्हणाले. आमच्या घराण्यातच आहे ते." तिनं कडीवरचा हात काढला. "तुम्हाला पायाची गरज नसेल. तुमचं काम काही अडत नसेल. मला गरज आहे. माझ्यासाठी घ्या."

म्हाताऱ्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली. तोपर्यंत त्यानं तिला नीट पाहिलंही नव्हतं.

"सगळे येऊन मला सांगतात, माझं काय भलं होईल," तो म्हणाला. "हिंडता येईल, फिरता येईल. कुठे हिंडू? मला शिडीवर चढता येईल का?"

"नाही. शिडीवर नाही."

"मग मला काय करायचाय पाय?"

वाक्य परक्या भाषेत होतं, पण शब्दाला शब्द अण्णांचंच होतं. एकदाच विचारायचं होतं, आणि ते विचारून झालं होतं.

"माझ्यासाठी घ्या म्हणे," रंगारी पुटपुटला. "पाय गेल्यापासून कुणाला माझ्याकडून काही हवं झालेलं नाही. औषध हवं का, उशी हवी का, सगळं मलाच विचारतात." त्यानं मांडीवरची चादर बाजूला केली. "दुखेल का?"

"साचा घेताना नाही. पहिल्यांदा उभं राहताना दुखेल."

"बरं, कर."

शाळेत परतल्यावर मास्तरीणबाईंनी विचारलं, "किती वेळा विचारलंस?"

"एकदाच."

"खरं?"

"खरं. मग माझं मागणं सांगितलं."

मास्तरीणबाईंनी प्लास्टरच्या पट्ट्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला.

त्यानंतर धाकटीनं पदर खोचला. पदर नव्हता, एप्रन होता, तो खोचला. पायाच्या उरलेल्या भागावर ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि त्या पांढऱ्या ठोकळ्यावर कानस धरून बसली. कुठे दाब द्यायचा, कुठे हाडाला जागा सोडायची, हे सगळं बोटांनी ठरवायचं. त्यावरून सॉकेट करायचं, म्हणजे ती वाटी, जिच्यात पाय बसतो. पहिलं सॉकेट झालं, रंगाऱ्यानं त्यात पाय घातला, दोन्ही हातांनी खुर्ची धरून वजन टाकलं आणि असा ओरडला की उंच मुलगा हातातलं टाकून धावत आला. नडगीच्या हाडाशी कातडी लाल झाली होती.

"चुकलं," धाकटी म्हणाली. तिचं तोंड उतरलं.

"रंगाचा पहिला हात कधी चांगला दिसतो का?" रंगारी घाम पुसत म्हणाला. "भिंत सुकू दे. पुन्हा मार."

तिनं पुन्हा केलं. तेही खाली तिरकं गेलं. उंच मुलाची शिक्षिका तोवर उभी राहिली होती, टाळ्या वाजल्या होत्या, आणि धाकटीनंही जोरात वाजवल्या होत्या. मग ती पुन्हा कानस घेऊन बसली. दुपारी इतर चहाला जात, तेव्हा उंच मुलगा दारातून विचारी, "येतेस?" आणि ती आता पहिल्या झटक्यात म्हणे, "हो, आलेच." चहाच्या वेळी चहा पिऊन कामाच्या वेळी काम करायचं, हे तिला जमायला लागलं होतं. घरमालकिणीलाही तिनं एक दिवस, बाईनं विचारायच्या आधीच, सांगितलं, "आज मला सूप हवंय." घरमालकिणीनं मुकाट्यानं वाडगा भरला. मग धाकटीनं पातेल्यात डोकावून विचारलं, "तुम्ही घेतलंत का?" "मला नको," बाई म्हणाली. धाकटीनं पातेल्यातला डाव हातात घेतला. "खरंच नको?" बाईनं आश्चर्यानं तिच्याकडे बघितलं. "थोडंसं चालेल," ती म्हणाली.

तिसरं सॉकेट बसलं. सत्र संपायला आलं होतं. कार्यशाळेच्या टोकाला दोन लांब दांड्या होत्या, चालायला शिकणाऱ्यानं दोन्ही हातांनी धरायच्या. रंगाऱ्याची खुर्ची तिथे आणली. मास्तरीणबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. धाकटीनं पट्टा आवळला, पाऊल सरळ केलं आणि मागे झाली. यापुढे तिच्या हातात काही नव्हतं.

रंगाऱ्यानं दांड्या धरल्या. ओठ आवळले. आणि तो उभा राहिला.

धाकटीनं त्याला आजवर बसलेलंच बघितलं होतं. माणूस चांगलाच उंच होता. शिडीवरून जग बघायची सवय असलेला माणूस. त्यानं आधी छत बघितलं, मग खिडकीबाहेर, मग मान खाली घालून धाकटीकडे.

"अगं, तू एवढीशीच आहेस होय!" तो म्हणाला. "मला वाटायचं, मोठी बाई आहे."

सगळे हसले. धाकटी हसता हसता रडली आणि तिनं ते लपवलं नाही. रंगारी दांड्यांच्या मधून टोकापर्यंत गेला. भिंतीशी पोचला तेव्हा त्यानं एक हात सोडून भिंतीवरून तळवा फिरवला. तिथे तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. कुणी घाई केली नाही.

मास्तरीणबाई धाकटीला म्हणाल्या, "पुढच्या सत्रात दोन माणसं असतील. घेशील?"

"घेईन," धाकटी म्हणाली.

संध्याकाळी उजेड होता तोवर ती त्याच जिन्यात जाऊन बसली आणि घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, अण्णांना दे."

कुबडी वाजत जवळ आली. अण्णांचा फोनवरचा आवाज नेहमी मोठा, जणू एवढ्या लांब ओरडल्याशिवाय पोचायचा नाही. "काय म्हणतेस? अभ्यास बरा चाललाय ना?"

"बरा चाललाय. आज माझा माणूस उभा राहिला, अण्णा. मी केलेल्या पायावर."

"वा! शाब्बास!"

"मी सुट्टीला येईन तेव्हा तुमच्यासाठी पाय करणार आहे."

पलीकडून ते ओळखीचं हसणं आलं. "नको गं. आता कशाला? मला काय करायचाय पाय, माझं काम बसून..."

"अण्णा," धाकटी म्हणाली. "मी पुन्हा विचारतेय. माझ्यासाठी घ्या."

पलीकडून घरातल्या रेडिओचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला. धाकटी थांबून राहिली. अण्णांच्या त्या बाकावर बसून राहायची पाळी आता तिची होती, आणि तिची तयारी होती.

सॉकेट काही फोनवरून दिलेल्या मापानं होत नसतं. साचा घ्यावा लागतो, पाय हातात घ्यावा लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही पलीकडून जे ऐकू आलं, ते तिनं अडवलं नाही. अण्णांनी फोन जरा बाजूला धरला होता आणि ते आईला विचारत होते, हळू आवाजात, एखाद्या मुलानं खाऊ मागावा तसं,

"अगं, तुझा तो शिवणकामाचा टेप कुठे ठेवलाय?"